चेंडूंची बेरीज
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आपली मुले क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करतात, याचा आपणांस अभिमान वाटतो. परंतु या गोलंदाजीने कमरेच्या मणक्यावर पुनःपुन्हा ताण येऊन हाडास बारीक चीर पडू शकते; आणि ते हाड तर विशीनंतरही पक्के होत असते. जसप्रीत बुमराह यांच्यासारख्या नामवंत गोलंदाजासही पाठीच्या दुखापतीमुळे २०२२ च्या टी-२० विश्वचषकास मुकावे लागले व २०२३ साली शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २८ वेगवान गोलंदाजांनी टाकलेल्या चेंडूंचा हिशेब मांडला गेला. एका आठवड्याचा भार मागील चार आठवड्यांच्या सरासरीहून एकाएकी फार वाढला, की पुढील आठवड्यात दुखापतीचा धोका वाढतो, असे त्यात आढळले. या गुणोत्तरावर पुढे तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले. अमुक मुलास अमुक दिवशी इजा होईल, असे भाकीत त्यावरून करता येत नाही. सावध मात्र होता येते.

मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, आणि आपल्या ज्ञातीच्या सामन्यांतही खेळतो. जो तो आपल्यापुरते चेंडू मोजतो. बेरीज कोणीच करीत नाही. ती पालकांनी साध्या वहीत करावी व सरावातील चेंडूही त्यात धरावेत. कमर दुखते असे मुलाने सांगितल्यास, आकडा काहीही म्हणो, त्यास विश्रांती देऊन डॉक्टरांकडे न्यावे.

यापुढे आपल्या सामन्यांत ती वही पाहूनच मुलाच्या हाती चेंडू द्यावा, अशी माझी विनंती आहे. एखादी ढाल गेली तर पुढील वर्षी परत मिळविता येईल.