स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि धमन्यांचे आरोग्य
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात आरोग्यविषयक एक भाषण व्हावे, ही प्रथा आपल्या संस्थेने निष्ठेने पाळली आहे. यंदा ते काम आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहोत. विषय आम्ही मुद्दामच निवडला आहे. आपल्या काही कुटुंबांत स्थूलतेवर शस्त्रक्रिया करवून घेतल्याचे अलीकडे कानावर येते. परंतु ती गोष्ट कुजबुजतच सांगितली जाते. कोणी तिला श्रीमंतांची हौस म्हणतो, कोणी आळशी माणसाची पळवाट. या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो असा की ही शस्त्रक्रिया रूपासाठी असते. आमचे आजचे सांगणे एवढेच की, तिचा खरा हिशेब आरशात किंवा वजनकाट्यावर नव्हे, तर धमन्यांत मांडावयाचा असतो.

अंगाने भरणे हे आपल्याकडे सुखाचे लक्षण मानले गेले. नवी सून माहेरी आली आणि अंगाने भरलेली दिसली की ‘सासर मानवले हो!’ असे म्हणावयाचे. दुष्काळ आणि क्षय यांच्या दिवसांत ही दृष्टी स्वाभाविक होती. परंतु पोटाच्या आत, यकृताभोवती व आतड्यांभोवती साचणारी चरबी ही कोठारात ठेवलेल्या धान्यासारखी निमूट पडून राहत नाही. ती स्निग्धाम्ले आणि दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडीत असते. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर चढते आणि रक्तदाबही वाढतो.

आता धमनी, जिला जुन्या ग्रंथांतून रोहिणी म्हणत, ती पाहू. ती नुसती नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूस पेशींचे एकपदरी अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते. त्यामुळे धमनी सैलावते व रक्त सुखाने वाहते. या शोधाबद्दल १९९८ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्थूलतेत हे अस्तर प्रथम आजारी पडते. मग कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, थर साचतो, आणि एखादे दिवशी तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो. हे सारे वर्षानुवर्षे निःशब्दपणे चाललेले असते, हीच त्यातील खरी भीती होय.

आपण भारतीयांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावयास हवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो बीएमआय येतो, तो दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. तात्पर्य, काटा जेथे समाधान देतो तेथेही आपली चरबी दडून असू शकते. यास्तव भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या पुढे गेली की सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी करून ती आतड्यास खाली जोडतात, म्हणजे अन्न जठराचा उरलेला भाग व आतड्याचा प्रारंभ टाळून पुढे जाते. केवळ जागा कमी झाली म्हणून माणूस कमी खातो, असे पूर्वी वाटे. आता कळते की आतड्यांतील संप्रेरकेच बदलतात. भूक ओसरते, आणि अनेक मधुमेह्यांची साखर वजन फारसे उतरण्यापूर्वी, काही दिवसांतच, खाली येऊ लागते.

धमन्यांना याचा लाभ होतो काय? या प्रश्नाचा दीर्घ शोध स्वीडनमध्ये घेतला गेला. १९८७ साली सुरू झालेल्या तेथील अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ स्थूल स्त्रीपुरुष होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पहिल्या गटात २८, तर दुसऱ्यात ४९ मृत्यू झाले. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते व त्या वेळच्या शस्त्रक्रियाही बहुतांशी निराळ्या होत्या, ही मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. तथापि त्यातील एक निष्कर्ष फार बोलका आहे. ज्यांचा बीएमआय अधिक त्यांनाच लाभ अधिक, असे आढळले नाही. ज्यांच्या रक्तात प्रारंभी इन्सुलिन अधिक होते, त्यांना लाभ अधिक झाला. म्हणजे रोग्याची पारख नुसत्या जाडीवरून होत नाही, हे स्वीडिश लोकांतही दिसून आले.

मग ही शस्त्रक्रिया कोणी करावी? २०२२ साली या क्षेत्रातील दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी बीएमआय ३५ किंवा अधिक असल्यास ती सुचवावी असे ठरविले. आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार व्हावा असेही म्हटले. परंतु विचार होणे म्हणजे सुरी चालविणे नव्हे. आहार, व्यायाम आणि औषधे यांना प्रामाणिक संधी आधी द्यावयास हवी. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२३ च्या चाचणीत, आधीच हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या जाड्या माणसांत अशा आघातांचे प्रमाण २० टक्क्यांनी घटले, हेही वैद्यांना विचारून पाहावे. शस्त्रक्रियेत धोका अल्प असला तरी शून्य नाही. आणि धमनीत पूर्वी साचून कठीण झालेला थर तिने खरवडून निघत नाही. तंबाखू चालू ठेवणाऱ्यास तर कोणतीच शस्त्रक्रिया तारणार नाही.

बंधुभगिनींनो, यापुढील भाग शल्यविशारदाचा नसून आपणा सर्वांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची उणीव पडते. त्यासाठी गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर लागते. शाकाहारी घरांत प्रथिनांकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. अशा माणसाला पंगतीत ‘एवढी एकच जिलबी, आमच्या शब्दाखातर’ असा आग्रह झाला, तर गोड पोटात जाताच घाम, धडधड आणि पोटात कळा सुरू होऊ शकतात. आपल्या आग्रहाची चव त्याला भोगावी लागते. हा आग्रह आपण सोडू या.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. विवाह ठरविताना मुलीची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे लपविले जाते, असे आम्ही ऐकतो. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. सत्य लपविले तर सासरची माणसे लगेच नातवंडाची वाट पाहू लागतात, आणि गोळ्या चोरून घ्याव्या लागल्याने त्या सुटतात. हानी होते ती माता आणि अर्भक दोघांची. धमन्यांचे रक्षण करण्यासाठी जिने एवढे धैर्य दाखविले, तिला तोंड लपवावे लागणे हा आपल्या ज्ञातीला कमीपणा आहे. वधूवर सूचक समितीने याबाबत उभय पक्षांशी मोकळेपणाने बोलण्याचा पायंडा पाडावा.

शेवटी एक सूचना. शस्त्रक्रियेचा खर्च नातलग कसाबसा उभा करतात. परंतु दोन वर्षांनी तपासणीची आठवण कोणास राहत नाही. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीने शस्त्रक्रियेचा भार उचलावा असे आम्ही म्हणत नाही. त्यानंतरच्या तपासण्या व औषधे यांसाठी गरजू कुटुंबांना वर्षातून एकदा लहानशी रक्कम द्यावी. शिवाय दर मेळाव्यात रक्तदाब, साखर आणि कंबरेचे माप घेण्याची सोय व्हावी. यास मोठे यंत्र लागत नाही. एक फीत, एक रक्तदाबमापक आणि दोन उत्साही तरुण पुरेत.