वुलवर्थ्सचा शेवटचा सेल

ब्रिटनमध्ये वुलवर्थ्सचं पहिलं दुकान १९०९ साली लिव्हरपूलला उघडलं. सुट्ट्या गोळ्या-चॉकलेटं, वह्या, खेळणी, भांडी असं सगळं तिथं मिळायचं. पुढे गावोगावच्या मुख्य बाजारपेठेत ही दुकानं दिसू लागली.

२००८च्या मंदीत कंपनी कोसळली. सुमारे साडेअडतीस कोटी पौंडांचं कर्ज डोक्यावर होतं. विमा कंपन्यांनी पुरवठादारांच्या उधारीचं संरक्षण काढून घेतलं, म्हणून पुरवठादार रोख पैसे आधी मागू लागले. नाताळच्या तोंडावर माल भरायचा तो कशाच्या जोरावर? नोव्हेंबरअखेर कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि डिसेंबरमध्ये 'सगळं विकणे आहे'चे फलक लागले. रांगा लागल्या. माल संपत आला तशी मांडण्या, फडताळंसुद्धा विकायला निघाली. ६ जानेवारी २००९पर्यंत आठशेहून अधिक दुकानं बंद झाली, सुमारे सत्तावीस हजार नोकऱ्या गेल्या.

यातली एक गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. कामगारांशी सल्लामसलत न करता कपात केल्याबद्दल न्यायाधिकरणानं भरपाई मंजूर केली, पण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांतल्या तीन हजारांवर कामगारांना ती मिळाली नाही. कंपनी तीच, संकट तेच! कामगार संघटना युरोपीय न्यायालयापर्यंत लढली. २०१५मध्ये निकाल आला: कायद्याच्या दृष्टीनं प्रत्येक दुकान स्वतंत्र आस्थापना धरता येईल. त्या कामगारांच्या हाती भरपाई आलीच नाही.