मानलेली बहीण



फळ्यावर 'भगिनी शहरे' असा विषय वाचून मघाशी एका काकांनी विचारलं, "म्हणजे शहरांची सोयरीक का हो?" सोयरीक म्हटली की मानपान आला, याद्या आल्या. ही मानलेली बहीण आहे, काका. राखी एकदाच बांधायची, पण जाणं-येणं कायम ठेवायचं. तिथेच बहुतेकांचं अडतं.

मुंबईने 1965 साली जपानच्या योकोहामाला बहीण मानलं. त्याच वर्षी योकोहामाने फिलिपिन्सच्या मनिलाशीही हेच नातं जोडलं. 1945च्या लढाईत मनिला बेचिराख झाली होती, जपानी फौजेने तिथे कत्तली केल्या होत्या. लाखाच्या आसपास नागरिक त्या महिनाभरात मेले. आपल्याकडे बांधाचं भांडण झालं, तर सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तेवढ्याच वीस वर्षांत ही दोन शहरं एका कागदावर सही करायला बसली. मला तर हे थोरच वाटतं.

मुंबईचं काम त्या मानाने सोपं होतं, कारण आपल्या माणसांनी तिथे आधीच पाणपोई घातली होती! अक्षरशः. योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे भारतीय होते. 1 सप्टेंबर 1923च्या भूकंपात शहर कोसळलं, भारतीयही दगावले. वाचलेल्यांना योकोहामाने आसरा दिला, पुन्हा दुकानं थाटायला मदत केली. ते उपकार स्मरून भारतीयांनी 1939 मध्ये समुद्रकाठच्या यामाशिता बागेत पाण्याचं कारंजं बांधून दिलं. वर घुमट आणि आतून छताला रंगीत नक्षी. उन्हाळ्यात महामार्गावर रांजण भरून ठेवणाऱ्या तुम्हां वडीगोद्रीकर मंडळींना त्याचा अर्थ मी काय सांगावा? कागद 1965चा, पण नातं त्याच्या कितीतरी आधीचं.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा मैत्री उद्यान आहे. जपानमधल्या ओकायामातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेवरून दहा एकरांत ते उभं केलं आणि नाव दिलं पु. ल. देशपांड्यांचं. जपानचं प्रवासवर्णन लिहिणाऱ्या माणसाला हा मान शोभतोच. तिथे बहुतेक लोक फोटो काढायला जातात. जाईनात का!

आता आपल्या जवळचं. 2013 साली महाराष्ट्र शासनाने जपानच्या वाकायामा प्रांताशी सहकार्याचा करार केला. 2015 मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पण वाकायामा हा जपानमधला संत्र्याचा मुलूख आहे, हे कुणी सांगत नाही. तिथल्या संत्र्याला मिकान म्हणतात. डोंगरउतारावर दगडी ताली रचून लावलेल्या बागा, आणि मिकानच्या उत्पादनात हा प्रांत देशात आघाडीवर.

आणि त्याच 2013च्या उन्हाळ्यात आपल्याकडे काय चाललं होतं? टँकरच्या पाण्यावर मोसंबी जगवायची धडपड. आंबे बहारासाठी आपण झाडाला मुद्दाम ताण देतो. त्या वर्षी आभाळानेच ताण दिला, तो तोडायला पाणी नव्हतं. अंबड तालुक्यात वाळलेल्या बागा उभ्या तोडल्या, खोडांचं सरपण झालं. तोडलेल्या खोडाच्या सालीखाली हिरवटपणा शोधत नखाने ओरबाडणारा शेतकरी मी पाहिलाय. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या खोडांना ते काय कामाचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे नातं मंत्रालय आणि विमानतळ यांच्यामध्येच अडकलंय. ते बांधावर यायला हवं. फळगळ त्यांनाही छळत असेल, डिंक्यासारखे रोग त्यांनीही पाहिले असतील. फळ टिकवायचं कसं आणि विकायचं कसं, हे त्यांच्या बागायतदारांना विचारावं. आपणही त्यांना आपली कमी पाण्याची तऱ्हा दाखवावी. त्यासाठी कुणा मंत्र्याची वाट पाहू नका. सुरुवात शाळेतल्या मुलांनी करावी. वाकायामातल्या एखाद्या शाळेला पत्र लिहावं आणि सोबत आपल्या बागेतल्या बहराचा एक फोटो पाठवावा. तिकिटाचे पैसे मी देतो.