परक्यानं आपल्या घरातलं काढलं की...

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना आलेले फाटे तेवढे छाटलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे. देशाबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी एक प्रश्न विचारला गेलेला असतो. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या शाळेत, शेजाऱ्याच्या अंगणात. "तुमच्याकडे ती जातीची पद्धत आहे ना? मग तुम्ही त्यात कुठे बसता?" विचारणारा बहुधा वाईट माणूस नसतो. त्यानं काहीतरी वाचलेलं असतं, एखादी डॉक्युमेंटरी पाहिलेली असते. २०२० साली इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' हे पुस्तक आलं आणि त्यानंतर तर हा शब्द इथे अमेरिकेत बऱ्याच लोकांच्या तोंडी बसला.

प्रश्न आला की आपली कानशिलं गरम होतात. मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं राहतोय, माझीही होतात. मनात येतं, हा बाबा दोनशे पानं वाचून आला आणि मला माझा देश समजावून सांगतोय. ह्याला ना तुकाराम माहीत, ना आमच्या गावची जत्रा माहीत. ह्याला भारतातलं नेमकं हेच बरं दिसलं!

ही चीड खोटी नाही. पण ती नेमकी कशाची आहे, हे आज जरा सुटं करून बघूया.

घरातली माणसं एकमेकांना वाट्टेल ते बोलतील, पण शेजारच्यानं त्यातलं एक वाक्य उच्चारलं की सगळी एक होतात. आपण म्हणतो, माणसाचा स्वभावच आहे तो. पण 'सगळी एक होतात' असं म्हणताना घरात आपण कुणाकुणाला धरलंय? ओसरीवर बसलेल्यांना? की ज्यांना ओसरीवर चढू दिलं नव्हतं, त्यांनाही?

हा प्रश्न नीट कळायला १९२७ सालाकडे बघूया.

'मदर इंडिया' म्हटलं की आपल्याला खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस आठवते. तो सिनेमा १९५७ चा. त्याच्या तीस वर्षं आधी ह्याच नावाचं एक पुस्तक आलं होतं आणि त्यानं अख्ख्या देशाच्या अंगाचा तिळपापड केला होता. कॅथरिन मेयो ह्या अमेरिकी लेखिकेनं हिंदुस्थानात काही महिने फिरून ते लिहिलं. बालविवाह, बाळंतिणींचे हाल, अस्वच्छता, अस्पृश्यता, सगळं त्यात होतं. आणि एकूण रोख काय, तर हे लोक स्वराज्याच्या लायकीचे नाहीत, इंग्रज आहेत तेच बरं. ह्या बाईंनी त्याआधी फिलिपिन्सवर लिहिलेल्या पुस्तकाचा रोखही असाच होता. म्हणजे दुखणं खरं, पण दाखवणाऱ्याचा हेतू दुखणं बरं करण्याचा नव्हता.

उत्तरादाखल पुस्तकांमागून पुस्तकं निघाली. लाला लजपतराय यांनी १९२८ मध्ये 'अनहॅपी इंडिया' लिहिलं आणि त्यात अमेरिकेत काळ्या लोकांना जमावानं ठार मारलं जातं, त्याचा हिशोब बाईंपुढे मांडला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त मेयोबाईंच्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा अहवाल म्हटलं. हे वाक्य सगळ्यांना आठवतं. त्याच लेखातलं दुसरं म्हणणं मात्र क्वचित सांगितलं जातं. इंग्रज-अमेरिकनांपुढे ठेवण्याच्या लायकीचं हे पुस्तक नाही, पण हिंदी माणसानं ते वाचलं तर त्याचा थोडाफार फायदाच होईल, असंही त्यांनी लिहिलं होतं.

गांधीजींचा तो लेख सप्टेंबर १९२७ चा. आता त्याच्या अलीकडे-पलीकडे आपल्याकडे काय चाललं होतं बघा.

२० मार्च १९२७. महाड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर जातात आणि ओंजळीनं पाणी पितात. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर सगळं झालं होतं, पाण्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. पाणी प्यायल्यावर परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली. आणि मग मंत्र म्हणून, पंचगव्य टाकून तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, पुन्हा महाडलाच, मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानं ब्राह्मण होते. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना कशाशी केली? १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी. तळ्याचा निकाल लागायला मात्र हायकोर्टात १९३७ साल उजाडावं लागलं.

म्हणजे एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. एका परक्या बाईनं आपली गटारं जगाला दाखवली आणि आपण खवळलो. आणि आपल्याच माणसांनी आपलं पाणी मागितलं, तेव्हा त्यांची डोकी फुटली. 'देशाची बदनामी' ह्या शब्दानं ज्यांचं रक्त तापत होतं, त्यांतल्या कितींचं तळ्यात पंचगव्य टाकल्यानं तापलं असेल?

बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं, त्यात मेयोबाईंचा उल्लेख आहे. त्यांचं म्हणणं दुपदरी आहे. दोष जगाच्या न्यायासनापुढे आणण्याचं काम त्या पुस्तकानं केलं, हे ते मान्य करतात. आणि लगेच सांगतात की त्यातून चित्र एकांगी झालं, मुस्लिम समाज जणू अशा दोषांतून मोकळाच आहे असा समज पसरला. परक्याचं म्हणणं तपासायचं कसं, ह्याचा हा धडाच आहे. खरं तेवढं घेतलं, चुकलं तिथे बोट ठेवलं. बोलणारा परका आहे एवढ्यावरून काहीच ठरवलं नाही.

आता आपल्याकडे वळू. इथे हा प्रश्न आला की आपल्या मंडळींची तीन उत्तरं तयार असतात.

पहिलं, "ते सगळं जुनं झालं, आता नाही राहिलं." राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली, हे खरंच आहे. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नवीन जोडपं आलं की तिसऱ्या मिनिटाला काय विचारलं जातं? "आडनाव काय आपलं?" आणि आडनावावरून अंदाज आला नाही तर, "मूळचे कुठले?" गोरा सहकारी जे सरळ विचारतो तेच आपण आडनावाच्या आडून विचारतो. त्याचं विचारणं आपल्याला उद्धट वाटतं आणि आपलं विचारणं आपुलकीचं.

दुसरं, "हे सगळं इंग्रजांनी केलं." ह्यात थोडं तथ्य आहे. १९०१ च्या खानेसुमारीत रिझली साहेबानं जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला, त्यातून तंटे वाढले. पण चोखोबा चौदाव्या शतकातले. त्यांना विठ्ठलाच्या देवळात जाऊ दिलं नाही तेव्हा इंग्रज कुठे होते? चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, बाहेर. आणि त्याच देवळाचे दरवाजे दलितांना खुले व्हावेत म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं.

तिसरं, "तुमच्याकडे गुलामगिरी नव्हती का?" हे उत्तर आपल्याला फार आवडतं, कारण समोरचा गप्प बसतो. पण हीच तुलना जोतीराव फुल्यांनीही केली होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. त्यांना तो कित्ता वाटला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१६ मध्ये तिथल्याच एका चर्चासत्रात, परक्यांसमोर, त्यांनी जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ह्या तरुणांनी संघटना काढली, तिचं नाव ठेवलं दलित पँथर. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ह्या सगळ्यांनी ती तुलना केली ती समोरच्याकडून काही शिकण्यासाठी. आपण करतो ती त्याचं तोंड बंद करण्यासाठी.

हे सगळं आत्ता बोलावंसं का वाटलं, ते सांगतो. कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांना प्राचीन संस्कृतींचा इतिहास असतो, त्यात भारतावर धडा आहे. त्यातल्या जातीच्या उल्लेखांवरून इथे २००५-०६ पासून वाद चालू आहेत. आमच्या ओळखीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो निघाला. मुलांना वर्गात टोमणे ऐकावे लागतात, जातीचा भाग गाळावा असं पत्र शाळेला देऊ, असं ठरत आलं होतं. काळजी खरी होती. बारा वर्षांच्या पोरीला कुणी "तू कुठल्या जातीची?" म्हणून हसलं, तर आईबापाच्या पोटात कालवतंच. बरेच अंगठे आले. मग ग्रुपवर एरवी गप्प असणाऱ्या एका गृहस्थांनी दोन ओळी लिहिल्या. "माझ्या आजीला पाणवठ्यावर वरून पाणी ओतत, ती खाली ओंजळ धरायची. तो भाग गाळलात तर माझ्या मुलानं तिची गोष्ट कुठल्या धड्यात शोधायची?"

बराच वेळ ग्रुपवर काही आलं नाही. पत्र शेवटी गेलं, पण वेगळं. जातीचा भाग ठेवा, त्यात फुले, आंबेडकर आणि महाड घाला, आणि वर्गात कुणाची जात विचारली जाऊ नये एवढं बघा, असं.

माझ्या मते सगळ्याचं मर्म ह्या पत्रात आहे. परक्याच्या नजरेत मला खुपतं ते हे की तो आपल्या देशातला अन्याय बघतो, पण अन्यायाशी लढलेली आपली माणसं त्याला दिसत नाहीत. त्याला वाटतं, सगळे निमूट बसले होते आणि कुणीतरी बाहेरून येऊन डोळे उघडले. हे चूक आहे आणि त्याला ते ठणकावून सांगायला हवं. पण आपण अन्यायच झाकला तर लढाई तरी कशाची सांगणार? चवदार तळ्याची गोष्ट पंचगव्य वगळून सांगताच येत नाही.

कायद्याच्या वादातही हेच दिसलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारलं. सध्याच्या कायद्यांत ही बंदी आहेच, असं त्यांचं म्हणणं. विरोध करणाऱ्यांची भीती होती की सगळ्या भारतीयांकडे संशयानं बघितलं जाईल. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण बाजूनं उभे राहिलेल्यांतही भारतीयच होते, आणि त्यांची भीती साहेबाच्या नजरेची नव्हती. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्याच माणसाच्या नजरेची होती.

तर मग ऑफिसातल्या त्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? मी देतो ते असं. "हो, आमच्याकडे जात होती आणि आहे. मी त्या उतरंडीत वरच्या बाजूला जन्मलो, म्हणून मला तिचे चटके बसले नाहीत. आणि ती मोडायला आमच्यातलीच माणसं उभी राहिली. वेळ असेल तर एका तळ्याची गोष्ट सांगतो." बहुतेक जण वेळ काढतात. काही जण घड्याळ बघतात, आणि त्यांना जातीबद्दल कितपत ऐकायचं होतं हे तेवढ्यात कळतं. कानशिलं अजूनही गरम होतात, नाही असं नाही. आपल्या घराबद्दल परक्यापुढे खरं बोलायला जड जातंच.

तुम्हाला हा प्रश्न विचारला गेला असेल तर तुम्ही काय सांगितलंत, ते जरूर कळवा. आणि आपल्याच मंडळींत आडनाव सांगताना ज्यांना क्षणभर थांबावं लागलं असेल, त्यांनी तर नक्कीच लिहा. नाव न घेता पुढच्या भागात वाचून दाखवीन.

भेटू मग. काळजी घ्या.