खिडकीखालील नक्षी

घराचा आराखडा आता संगणकावर उभा राहतो. खिडकीखालचा नक्षीदार फलक दाखविताना पुष्कळजण भिंतीवर नुसते चित्र चिकटवितात. चित्राची सावली पडत नाही. ऊन कलले तरी भिंत सपाटच! 'स्केचअप' या प्रणालीत खिडकीच्या रुंदीचा चौकोन आखावा, आत समांतर दुसरा काढावा, व 'पुश-पुल'ने कडेची पट्टी 20 मिलिमीटर पुढे ओढावी. उठाव येतो. खरी मेख पुढेच आहे. फलक सुटा ठेवला, तर खिडकी सरकविताच तो मागे राहतो. आणि गवंडी बिचारा कागदालाच प्रमाण मानणार. म्हणून खिडकी व फलक मिळून एकच 'कंपोनंट' करावा. एकातील दुरुस्ती मग सर्व प्रतींत उतरते. ती एकाच खिडकीपुरती हवी असल्यास मात्र 'मेक युनिक' ही आज्ञा आधी द्यावी.