सोय हा उपकार नव्हे



२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच ठरविला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीस लेखनिकाचा हक्क दिला. त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असेही सांगितले.

वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी भार न पडता केलेला बदल : पायऱ्यांशेजारी उतार, मजकूर वाचून दाखविणारा संगणक, कामाच्या वेळेत लवचीकता. आपल्यांपैकी अनेकजण आज नेमणुका करतात. उमेदवारास ‘हे तुम्हांला जमेल का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणती सोय हवी?’ असे विचारावे. उपकार केव्हाही मागे घेता येतो. हक्क तसा घेता येत नाही.