पाळण्याशेजारचा बाजार



१९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी ‘दूध आणि हत्या’ या विषयावर भाषण केले. डबाबंद गोड दुधाचा प्रचार करून अर्भकांना अंगावरच्या दुधापासून तोडणे आणि त्यांना मृत्यूच्या दारी लोटणे ही हत्याच होय, असे त्यांनी प्रतिष्ठित श्रोत्यांना स्पष्टपणे सुनावले. तरीही पुढील काही दशके आफ्रिकेत आणि आशियात परिचारिकेच्या पोशाखातील विक्रेत्या प्रसूतिगृहांतून हिंडत राहिल्या.

या विक्रीचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. मूल जितके चोखते तितके आईला दूध उतरते. पहिल्याच दिवसांत फुकटच्या नमुन्याची बाटली तोंडी लागली की चोखणे कमी होते, दूध आटते, आणि नमुन्याचा डबा संपतो तेव्हा आईपुढे दुकानाखेरीज वाट उरत नाही. निसर्गाने विनामूल्य दिलेल्या अन्नाची जागा अशा रीतीने विकतची गरज घेते. मजुराच्या घरी मग डबा पुरवण्यासाठी भुकटी पातळ केली जाते. पाणी दूषित असते, बाटली उकळायला सरपण नसते. कंपनीच्या ताळेबंदात नफा दिसतो, अतिसाराने दगावलेले मूल दिसत नाही.

या अनाचाराविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीला आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधातले ते एकमेव मत अमेरिकेच्या सरकारचे होते. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अशा अन्नाची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, डब्यावर गोंडस बाळाचे चित्र छापणे, हे सारे या कायद्याने निषिद्ध आहे.

कायदा चांगला आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत झाली. मात्र जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलेली बालके ४१.८ टक्केच होती. याचे सारे खापर कंपन्यांवर फोडता येणार नाही. शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे आणि परिचारिकांची तोकडी संख्या हीही कारणे आहेतच. परंतु जिथे आईला धीर देणारे कोणी नसते, तिथेच बाजाराला शिरकाव मिळतो. आता तर तो मोबाईलमधून येतो. समाजमाध्यमांतून आणि मातांसाठीच्या ॲपमधून कंपन्या गरोदर स्त्रियांना नेमके गाठतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाने दाखवून दिले आहे.

याहून मोठी उणीव श्रमव्यवस्थेत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. बहुसंख्य श्रमिक स्त्रिया मात्र या कक्षेबाहेरच राहिल्या. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या बाईला उचल फेडायची असते. ओली बाळंतीण असतानाच ती फडात उतरते आणि मूल झोळीत रडत राहते. घरकामाला जाणारी, विटा वाहणारी स्त्री याहून वेगळी नाही. तिला सहा महिने केवळ अंगावर पाजण्याचा उपदेश करणे ही तिची थट्टाच होय.

वैद्यकीय कारणाने काही मुलांना पावडरचे दूध द्यावेच लागते. त्या आईला अपराधी ठरविण्याचे कारण नाही. अपराध आहे तो स्त्रीचा वेळ लुबाडून वर तिलाच डबा विकणाऱ्या व्यवस्थेचा. म्हणून जाहिरातबंदीची अंमलबजावणी आणि प्रत्येक श्रमिक स्त्रीला पगारी प्रसूतिरजा व कामाच्या ठिकाणी पाळणाघर, या मागण्या एकाच लढ्याच्या आहेत. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात वेतनवाढीच्या बरोबरीने पाळणाघराचे कलम आले, तरच पाळण्याशेजारचा हा बाजार उठेल.